दोन फिके गुलाबी

यंदा दिवाळीपूर्वीं आमच्या भंडाऱ्याच्या घरांतील एका खोलीस रंग द्यावयाचें ठरलें. खोली लहानशी आहे. लांबी १० फूट, रुंदी ९ फूट. पूर्वेस एक खिडकी, आणि वस्ती तेथेंच संपत असल्यामुळें खिडकीपलीकडे धानाचें शेत. ही माझ्या आईची खोली. तिचें वय ऐंशीच्या घरांत आहे. रंग कोणता असावा हें तिनेंच ठरवावें अशी सूचना माझ्या पत्नीनें केली, व मींही, आपण मोठेंसें औदार्य दाखवीत आहों अशा समजुतीनें, तिला रुकार दिला. रंगाऱ्यानें शेडकार्ड आणून दिलें. आईनें तें मांडीवर घेऊन दहा मिनिटांत त्यांतील दोन चौकटींवर बोट ठेवलें. दोन्ही गुलाबी, दोन्ही फिक्या. परंतु त्या दोहोंपैकीं एक निवडावयास तिला पुढें २१ दिवस लागले. या २१ दिवसांत माझ्या मनांत जे विचार आले ते लिहून काढण्याचा हा प्रयत्न आहे. विषय मासिकाचीं पानें अडविण्याइतका मोठा नाहीं असें ज्या वाचकांस वाटेल त्यांच्याशीं, पहिला आठवडाभर तरी, माझें पूर्ण एकमत होतें.

मी गेलीं तीस वर्षें तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवीत आलों आहें. या धंद्याच्या मनुष्यास एक खोड जडते. घरांतील साध्या अडचणीचेंही तो प्रथम प्रमेय बनवितो, आणि प्रमेय सुटलें कीं अडचण सुटली असें मानतो. आईचा विलंब पाहून मला ब्युरिडानच्या गाढवाची आठवण झाली. (आईस गाढवाची उपमा दिली असें कोणी म्हणूं नये, उपमा परिस्थितीस आहे.) समान अंतरावर ठेवलेल्या दोन सारख्या गवताच्या भाऱ्यांमध्यें उभें असलेलें हें गाढव, एकाकडे वळण्यास दुसऱ्याहून अधिक कारण नसल्यामुळें, उपाशी मरतें अशी कथा आहे. गंमत ही कीं, चौदाव्या शतकांतील ज्या फ्रेंच पंडिताच्या दाराशीं हें गाढव बांधण्यांत आलें, त्याच्या ग्रंथांत तें कोठेंच आढळत नाहीं. त्याहून फार जुना दाखला ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथांत आहे, आणि तेथें गाढव नसून सारखाच भुकेला व सारखाच तहानलेला असा एक मनुष्य आहे. तें कसेंही असो. गाढवाची चूक कोणती, हें सांगावयास पंडित लागत नाहीं. दोन्ही भारे सारखे असतील तर कोणताही खावा. नाणें उडवावें आणि मोकळें व्हावें. ग्रीसमधील स्टोइक पंथाचे लोक अशा गोष्टींना ‘उदासीन’ म्हणत, व त्यांतील अगदीं शुद्ध उदासीन गोष्टीचें उदाहरण म्हणून, डोक्यावरील केसांची संख्या सम आहे कीं विषम आहे, हें देत. आपल्या केसांच्या सम-विषमतेची चौकशी करीत बसणाऱ्या मनुष्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. मग या दोन गुलाबी रंगांची चौकशी तरी काय निराळी?

हें सर्व मनांत योजून मीं एके दिवशीं आईस म्हटलें, “आई, दोन्ही एकच आहेत. कोणताही लावूं.”

ती चष्मा पुशीत होती. मान वर न करतां म्हणाली, “तुले एकच दिसते बाबू. म्हनून एकच हाय का?”

तर्कशास्त्राच्या वर्गांत इतका नेमका आक्षेप मजवर फारसा कोणी घेतलेला नाहीं. ‘मला भेद दिसत नाहीं’ हें एक विधान, आणि ‘भेद नाहीं’ हें अगदीं दुसरें. पहिलें माझ्या डोळ्यांविषयीं आहे, दुसरें जगाविषयीं. पहिलें म्हणतांना प्रश्न उघडा राहतो, दुसरें म्हणतांच तो मिटतो. रोजच्या बोलण्यांत आपण पहिल्याच्या जागीं दुसरें इतक्या सहजपणें घालतों कीं, त्यांत आपण कांहीं बळकावलें आहे याची जाणीवही राहत नाहीं. आपल्या नैयायिकांनीं संशयाचें लक्षण करतांना हाच सांधा पकडला आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत दूर कांहीं उभें दिसतें. खांब आहे कीं मनुष्य आहे? उंची, जाडी हे दोहोंचे समान धर्म दिसतात. हातपाय किंवा ढोली हे विशेष दिसत नाहींत, पण पाहणारा ते शोधीत असतो. समान धर्म दिसणें व विशेषाची ओढ असणें, यांतून संशय उपजतो. या कसोटीनें आई संशयाच्या अवस्थेंत होती, आणि मी तेथवरही पोंचलों नव्हतों. मला समान धर्म दिसले व तेवढ्यावर मी थांबलों. माझ्या थांबण्यास मीं निर्णय हें नांव दिलें होतें.

वैशेषिक दर्शनास तर नांवच या ‘विशेषा’वरून मिळालें आहे. एकाच जातीचे दोन परमाणु सर्व गुणांनीं सारखे असले तरी ते दोन आहेत, एक नव्हेत. तर त्यांना वेगळें ठेवणारें कांहीं असलें पाहिजे, असें त्या आचार्यांचें म्हणणें. युरोपांत लायब्निट्झनें जवळजवळ उलट्या बाजूनें हीच वाट धरली. कोणत्याही बाबतींत भिन्न नाहींत अशा दोन वस्तु जगांत असूंच शकत नाहींत असें तो म्हणे. हॅनोव्हरजवळील हेरेनहाउझेनच्या बागेंत इलेक्ट्रेससाहेबांसमोर हा वाद निघाला असतां, एका दरबारी गृहस्थानें अगदीं सारखीं अशीं दोन पानें शोधून आणण्याची पैज घेतली. तो बागभर हिंडला आणि रिकाम्या हातानें परत आला. त्या गृहस्थाविषयीं मला आतां आपुलकी वाटते. निदान तो पाहावयास तरी गेला.

मीही मग पाहावयास लागलों. रंगाऱ्यास सांगून आईनें खिडकीशेजारच्या भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर लांबीरुंदीचे चौकोन काढवून घेतले होते. पहिल्या दिवशीं मला दोन चौकोन म्हणजे एकच लांबट चौकोन दिसला. तिसऱ्या दिवशीं रात्रीं दिवा लावला तेव्हां डावा किंचित् उबदार, उजवा किंचित् थंड असें भासलें; सकाळीं तें भासेनासें झालें. हा माझ्या डोळ्यांचा खेळ नव्हता. दोन रंग एका प्रकाशांत जुळावे आणि दुसऱ्यांत फुटावे, हें कापडाच्या दुकानांतून साडी दारापाशीं नेऊन पाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीस ठाऊक असतें. पॅरिसमध्यें गोब्लॅं येथील प्रख्यात विणकामशाळेंत शेव्ह्रल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागावर होता. काळा धागा पुरेसा काळा उतरत नाहीं अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानें तपास केला तेव्हां दोष काळ्या रंगाचा नसून शेजारीं विणलेल्या रंगांचा निघाला; आणि शेजाराचा रंगावर होणारा हा परिणाम त्यानें १८३९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथांत मांडला. आमच्या चौकोनांचा शेजारी म्हणजे खिडकींतील शेत. तें पहिल्या आठवड्यांत हिरवें होतें, आणि तिसऱ्या आठवड्यांत लोंब्या वाकून पिवळें पडलें. खोलींत येणारा उजेडच पालटत होता. आई धान पिकण्याची वाट पाहत होती असें मी म्हणणार नाहीं. पण तिनें घाई केली असती तर तिनें एकाच ऋतूंतली खोली निवडली असती.

येथें मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. आमच्या घरांत भिंतींविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु भिंतीस स्वतःच्या हातानें रंग दिलेली अशी एकच व्यक्ति आहे. आई लग्न होऊन आली तेव्हां साकोलीकडील आमचें घर मातीचें होतें. पावसाळ्यांत पोपडे निघत; दसरा झाला कीं ती व माझ्या काकू माती कालवून, शेणानें सारवून, वरून पांढऱ्या मातीचा हात देत. पुढें विटांचें घर झालें, तेव्हां कळीचा चुना पिंपांत विझवावयाचा, तो फदफदून शांत झाला कीं गाळावयाचा, चिकटावा म्हणून त्यांत डिंक घालावयाचा, आणि माजघरापुरती चिमूटभर गेरू. तेवढ्या चिमटीनें चुना गुलाबी होई. किती चिमूट, हें कोठें लिहिलेलें नव्हतें. ओला चुना भिंतीवर जवळजवळ पारदर्शक असतो, खालचा रंग दाखवितो. वाळतां वाळतां पांढरा होतो. त्यामुळें पिंपांत दिसतो तो रंग खरा नव्हे, कुंच्यानें ओढतांना दिसतो तोही नव्हे, दुसऱ्या दिवशीं दुपारीं दिसतो तो खरा. हें ज्ञान तिनें चाळीसएक दिवाळ्यांत हातांनीं मिळविलें. यंदा रंगाऱ्यानें चौकोन काढले तेव्हां तो म्हणाला होता, “आजी, उद्यांच सांगा, परवां काम धरतों.” तिनें सांगितलें कीं भिंत आधीं वाळूं दे. मला वाटलें, टाळाटाळ आहे.

चुना केव्हां आणावयाचा, किती आणावयाचा, कोणत्या वर्षीं रंग द्यावयाचा नाहीं, हें मात्र माझे वडील ठरवीत. ती रंग देई. रंग निवडणें तिच्याकडे कधीं आलें नाहीं.

तिचें माहेर तलावाकांठचें. हा जिल्हाच तलावांचा. गोंडांच्या राजवटींत कोहळी लोकांनीं उताराचें पाणी अडवून बांधलेले कित्येक तलाव व बोड्या आजही धानाला पाणी देतात. दुसऱ्या आठवड्यांत एकदां मीं तिला विचारलें कीं, तुला या दोहोंत नेमकें काय वेगळें दिसतें? ती म्हणाली, डावा पहिल्या दिवसाचा आहे आणि उजवा तिसऱ्या दिवसाचा. मला कांहींच उमजेना. तेव्हां तिनें सांगितलें, तें कमळाविषयीं होतें. कमळाचें फूल एकदां उमललें कीं तीनचार दिवस राहतें. सकाळीं उघडतें, दुपारपर्यंत मिटूं लागतें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां उघडतें. आणि दर दिवशीं त्याचा गुलाबी थोडा उतरत जातो. तिसऱ्या दिवशीं पाकळीच्या टोकाशीं तेवढा तो राहतो. काव्यांत मीं कमळें पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांतील एकही फूल किती दिवसांचें आहे हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. ज्याला मी एकाच रंगाच्या दोन छटा समजत होतों, त्या तिच्या दृष्टीनें एका फुलाचीं दोन वयें होतीं. आणि दोन वयें एकमेकांच्या कितीही जवळ असलीं तरी कोणतेंही चालेल असें त्यांच्याविषयीं कोणी म्हणत नाहीं.

याहून मोठी अडचण डोळ्यांची निघाली. गेल्या उन्हाळ्यांत तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा दिवाळीनंतर काढावयाचा आहे. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळें होत जातें व निळा प्रकाश अडवितें. तें काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसविलें कीं जग एकाएकीं निळसर, धुतल्यासारखें दिसूं लागतें. फ्रेंच चित्रकार मोने याच्या उजव्या डोळ्यावर १९२३ मध्यें मोतीबिंदूचीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर दोन डोळ्यांच्या रंगांचा मेळ बसेना म्हणून तो विलक्षण त्रासला. आई चौकोनांसमोर बसून तळहातानें एक डोळा झांकी, मग दुसरा. उजव्या डोळ्यास दोन रंग वेगळे दिसत. डाव्यास ते हळदीच्या पाण्यांतून पाहावे तसे, आणि जवळजवळ एकच. म्हणजे माझें मत व तिच्या डाव्या डोळ्याचें मत मिळतें होतें! मीं लगेच विचारलें कीं, मग खरा डोळा कोणता मानावयाचा? माझी अपेक्षा अशी कीं, ती नव्याचें नांव घेईल. ती म्हणाली, “दोन्ही डोरे माहेच हाय.” (आमच्या झाडीपट्टींत ‘ळ’ चा ‘र’ होतो.) डोळ्यावांचून रंग नाहीं, आणि सर्व डोळ्यांच्या वर बसून निकाल देणारा असा कोणी डोळाही नाहीं. त्या खोलींत पुढें कोण निजणार, एवढेंच काय तें निश्चित.

आतां ज्या आक्षेपास मी सर्वांत अधिक भितों तो घेतों. कोणी म्हणेल कीं, ज्या जिल्ह्यांत कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस येऊन कापलेलें धान बांधींत भिजतें, तेथें एका सुखवस्तु घरानें गुलाबीच्या दोन छटांवर तीन आठवडे खर्चावे, हें शोभत नाहीं. या आक्षेपांत सत्य आहे, आणि त्यानें मला टोचलेंही. परंतु मोठ्या दुःखांचें जग एकीकडे व बारीक फरकांचें जग दुसरीकडे, अशी जी विभागणी त्यांत गृहीत धरलेली आहे ती खरी नाहीं. सरकारी खरेदीकेंद्रावर धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते. ओलावा मोजणाऱ्यास सतरा आणि साडेसतरा यांत भेद दिसत नसेल. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन रांगेंत उभा असलेल्यास तो दिसतो. २०२४-२५ च्या हंगामांत साधारण धानास क्विंटलमागें २३०० रुपये हमीभाव होता व अ श्रेणीच्या धानास २३२०; हे वीस रुपये कोणास किरकोळ आणि कोणास नव्हेत, हें मेजाच्या कोणत्या बाजूस आपण आहों त्यावर ठरतें. मी स्वतः आयुष्यभर उत्तरपत्रिका तपाशीत आलों. चौतीस गुणांचें उत्तर आणि पस्तीस गुणांचें उत्तर यांत काय अंतर असतें? मीं ते आंकडे उन्हाळ्याच्या दुपारीं, शंभराव्या उत्तरपत्रिकेवर, हात जड झाला असतां लिहिले आहेत. त्या वेळीं दोहोंत कांहीं अंतर नाहीं असें मला मनापासून वाटे. ‘एकच आहे’ असें म्हणणारा बहुधा तो असतो ज्याला त्या फरकाबरोबर राहावयाचें नसतें. शेतकऱ्याच्या बाबतींत हें आम्हांस चटकन पटतें, कारण तेथें पैसे आहेत. आईच्या खोलीच्या बाबतींत पटावयास मला दोन आठवडे लागले.

तरीही एक शंका उरते, आणि ती मी लपवीत नाहीं. समजा, तिच्यापाशीं कांहींच कारण नसतें. कमळ नाहीं, चुना नाहीं, डोळा नाहीं. नुसती हौस असती. तर मीं थांबावयास हवें होतें काय? पुष्कळ दिवस माझें उत्तर नाहीं असें होतें. मग मी तिच्या साड्यांविषयीं विचार करूं लागलों. लग्नापूर्वीं साड्या तिचे वडील आणीत, नंतर माझे वडील आणीत. ते वारले त्याला अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून त्या मी आणतों, आणि अकरा वर्षें मीं फिक्याच आणल्या. असें करावें असें मला कोणीं सांगितलें नाहीं. आमच्या घरांत आतां तसली रूढी कोणी पाळीतही नाहीं, निदान तशी आमची समजूत आहे. दुकानांत हात आपोआप फिक्याकडे जाई. तिला विचारावें असें मनांत आलें नाहीं, कारण मला त्या साड्यांत फारसा भेद दिसत नसे.

आणि मग दुसरेंच लक्षांत आलें. दोन फिक्या गुलाबींतील शेवटची निवड मी इतक्या बारकाईनें पाहत बसलों; पण शेडकार्डावर लाल होता, राणी होता, पोपटी होता, गर्द निळा होता. ते सर्व तिनें पहिल्या दिवशीं दहा मिनिटांत ओलांडले. त्या दहा मिनिटांकडे माझें लक्षच नव्हतें. तेथें निवडणारी ती होती कीं माझीं अकरा वर्षें होतीं, हें मला सांगतां येत नाहीं. कदाचित् तिला फिका रंग मनापासून आवडत असेल. माहेरचा तलाव काय, फिकाच होता. हा प्रश्न मीं तिला अजून विचारलेला नाहीं. यंदाच्या भाऊबीजेच्या आधीं साडी घ्यावयास मात्र तिला बरोबर घेऊन गेलों. ती दोन तास बसली, आणि दुकानदाराचा चहा पिऊन कांहींही न घेतां उठली.

एकविसाव्या दिवशीं सकाळीं तिनें उजवा, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा, रंग सांगितला. मला तो डावा असेल असें वाटत होतें, आणि तसें मीं बोलून दाखविलें. तिनें कारण दिलें तें असें: एक भिंत रंगविली तर डावा बरा, पण चारी भिंती रंगल्या कीं एकीचा रंग दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर, आणि खोली आपण होऊन गडद होते. उजवा लावला कीं चार भिंतींत मिळून तो डाव्याइतका येईल. रंगाऱ्यानें मान हलविली. त्याला हें ठाऊक होतें, पण आम्ही त्याला विचारलें नव्हतें. रंगाचे दोन हात झाले, तीन दिवस वाळले, आणि मी खोलींत गेलों तेव्हां मला खरोखरच डावा चौकोन चहूंकडे पसरल्यासारखा दिसला. अर्थात् माझ्या डोळ्यांची साक्ष या प्रकरणांत फारशी ग्राह्य धरूं नये.

कपाट पुन्हां जागेवर सरकवितांना मला दिसलें कीं, त्याच्या मागच्या भिंतीवर डाव्या रंगाचा एक ताजा चौकोन काढलेला आहे. रंगाऱ्याची नजरचूक असावी असें वाटून मीं त्याला हांक मारणार, तों आईनें मला थांबविलें. तिनेंच तो काढवून घेतला होता. दुसरा डोळा झाला म्हणजे कपाट एकदां पुढें ओढून दे, असें तिनें मला सांगून ठेवलें आहे.